कुत्रीला उभी करताना

आमची कुत्री बुटकी अन् अंगानं लांबोळी. सोयाबीनच्या ट्रॉलीवरून उडी मारणं हा तिचा रोजचाच खेळ. त्या दिवशी मात्र उडी मारली, केकाटली आणि मागचे पाय फरफटत माझ्याकडे आली.

बाबांनी लगेच खांद्यावरचा दुपट्टा काढला. आमच्याकडे बैल खाली बसला की त्याला बसू देत नाहीत. पोटाखालून पोतं घालून, माणसं लावून उभा करतात. पडून राहिला तर पुन्हा उठत नाही, हे बाबा जन्मभर बघत आलेले. तेच त्यांनी कुत्रीला लावलं. पोटाखाली दुपट्टा घालून रोज सकाळ-संध्याकाळ तिला अंगणात चालवायचे. "चाल माय, चाल!" तिचे मागचे पंजे मातीत घासत यायचे. मी म्हटलं, "बाबा, राहू द्या ना तिले." तर माझ्यावरच खेकसले, "तुले काय समजते? बसली तं गेली!"

शेवटी बुलढाण्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली. दुपट्ट्याचं ऐकून त्यांनी कपाळालाच हात लावला. "मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आलाय. हिला जागचं हलवायचं नव्हतं, काका." बाबांचं तोंड एवढंसं झालं.

रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघाल्या. बाबांना तेवढाच आधार. "पांढऱ्या पेशी म्हंजे शिपाईच ना सायेब? कोरोनात सांगत होते. वाढल्या तं बरंच झालं."

"शिपाईच. पण मज्जारज्जूच्या जखमेतली घाण काढता काढता ते शेजारचा चांगला भागही खराब करतात. आणि त्यांना आवरणाऱ्या पेशी कमी पडल्या, तर आणखीच."

"मग आमी काय करावं?"

"औषध द्या, पिंजऱ्यात ठेवा आणि वाट बघा. बाकी काही करू नका."

मला असा संताप आला! काही करू नका, हे काय सांगणं झालं? पण ओरडायचं तरी कोणावर?

घरी टमाट्याच्या क्रेटला जाळी लावून तिला त्यात ठेवली. बाबा सारा दिवस तिथंच बसायचे. ती कुंईकुंई करायची, बाबांचा हात जाळीपर्यंत जायचा आणि परत यायचा. एकदा मला म्हणाले, "आपल्याच अंगातले शिपाई आपल्यालेच खाऊन राह्यले, तं तक्रार कोणापाशी करावी व माय?" मी चहा ठेवायला उठले.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी तिच्या मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरलं. ती बाबांचा हात चाटत होती. त्यांनी आणखी जोरात दाबलं. ती चाटतच राहिली.

बाबांनाच सहन होईना. "अहो सायेब, हळू! लागते ना तिले!"

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला.

"लागायला हवं होतं, काका."