जागीच थांबणारा हात

वैष्णवी आमच्या शाळेच्या सॉफ्टबॉल संघाची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. चेंडू मांडीजवळून सुटला की तिचा हात जागीच थांबायचा. "अगं, चेंडू सुटला म्हणजे काम संपलं नाही. मनगट झटक आणि हात पुढे जाऊ दे," असं मी दोन महिने रोज ओरडत होतो. परवा एकदाचा तो हात सैल सुटून खांद्यापर्यंत गेला. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू असा वाजला की कट्ट्यावरची पोरंही वळून बघायला लागली.

काल तिचे वडील पेढे घेऊन आले. राज्य स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र होतंच, त्यावर दहावीला वाढीव गुण मिळतात. "सर, अर्जावर तेवढी सही द्या. आमचं काम झालं. आता खेळ बंद," ते हसत म्हणाले. वैष्णवी त्यांच्यामागे मनगट चोळत उभी होती.

आपल्याकडे मूल खेळतं ते कागद हातात पडेपर्यंतच. असे बाप दरवर्षी येतात, आणि मैदानावर घसा फोडणारा मी त्यांच्यापुढे मुकाट पेढा खातो. तिला खेळू द्या, एवढंच म्हणायचं होतं. पण सही झाली, आणि माझाही हात जागीच थांबला.