भट्टीपाशी पडलेले चकाकते पापुद्रे

आमच्या सरांची आठवण झाली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कोल्हापुरात मी त्यांच्या हाताखाली ग्राफीनवर पीएचडी करत होते. ग्राफीन म्हणजे ग्राफाइटचा एकाच अणूच्या जाडीचा थर. आमची पद्धत साधी. ग्राफाइटचा कण चिकटपट्टीवर ठेवायचा, पट्टी दुमडायची, उघडायची, पुन्हा दुमडायची; थर सुटत सुटत शेवटी एकच उरतो. पण मूळ कण मोठा आणि निर्दोष हवा, नाहीतर हाती नुसता चुरा. बाहेरून मागवलेल्या ग्राफाइटमधून आम्हाला दोन वर्षं चुराच मिळाला.

आई आमच्या गावाहून, गडमुडशिंगीहून, लोखंड ओतायच्या फौंड्रीत झाडलोटीला जायची. जाड कास्टिंगच्या, म्हणजे मोठ्या ओतकामाच्या दिवशी वितळलेलं लोखंड भांड्यात जरा थांबलं, की त्यातून काळे, चकचकीत पापुद्रे वर येतात आणि आसपास पडतात. तेही ग्राफाइटच, आणि अस्सल. त्यातले कुठले घ्यायचे हे आईलाच कळायचं. तिने पिशवीत बांधून दिलेल्या पापुद्र्यांतून आमचं ग्राफीन निघालं. सरांनी नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. शोधनिबंध छापून आला, त्यात माझं नाव नव्हतं.

“तू पट्ट्याच तर चिकटवल्यास,” सर म्हणाले.

मी रडले नाही. पापुद्रे संपल्यावर सर विचारायला आले, तेव्हा म्हटलं, “फौंड्रीत जा, आई देईल.” आईला आधीच सांगून ठेवलं होतं.

सर कडक इस्त्रीच्या शर्टात आले. आईने त्यांच्या हातात झाडू दिला आणि साच्यांना लावायच्या काळ्या पुडीचा ढीग दाखवला. “घ्या की पावणं, लागंल तेवढं.” ती पूडही ग्राफाइटचीच, चकाकतेही, पण पिठासारखी बारीक. तिच्यातून काय निघणार, डोंबल! पण मूळ पापुद्रे सरांनी कधी हातात घेतलेच नव्हते. नाकात काजळी जाईपर्यंत सरांनी झाडलं. मी खांबाआडून पाहत होते. फार सुख वाटलं, खोटं कशाला बोलू.

महिनाभर पट्ट्या वाया घालवल्यावर सर नरमले. मी अट घातली, त्यांनी दुरुस्ती छापली, पहिलं नाव माझं. तो कागद घेऊन मी घरी गेले आणि आईला म्हटलं, “आता सरांना पापुद्र्यांची खरी जागा दाखव.”

“नावं वाच की आधी,” ती म्हणाली. मी वाचली.

“माझं न्हाय व्हय त्यात?”

अट घालताना मी तिचं नाव काढलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना घेऊन फौंड्रीत गेले. आईने त्यांना झाडू दिला आणि त्याच काळ्या पुडीकडे बोट केलं. मग दुसरा झाडू आणून माझ्या हातात दिला.