फ्लँजवरचा ‘एस’

आमच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये किस्से गोळा करावे लागत न्हाईत. ग्राइंडिंगचा चुरा जसा झाडला तरी संध्याकाळी परत असतोच, तसं हे साठतंय. फक्त एकच अडचण आहे. सगळे किस्से आमच्या वेल्डर नागेशचे! मी सतीश, डिप्लोमा मेकॅनिकल, कॉम्प्युटरवर डिझाइन करणारा, आणि माझ्या तोंडून त्याचंच कौतुक ऐकावं लागतंय तुम्हाला. ऐका.

आमचं काम हेडर करायचं. म्हणजे इंजिनाचा धूर ज्या चार भोकांतनं बाहेर पडतो, तिथनं चार पाइप काढून पुढं एकात जोडायचे. कंपनीचा काढून आमचा बसवला की गाडी मोकळी पळती. अट एकच, चारी पाइपांची लांबी सारखी पायजे. आणि आमचे मालक आप्पा, त्यांची एक पद्धत. ट्रायल झाली की हेडर उतरवायचा, ज्याचं डिझाइन त्यानं फ्लँजवर, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या पट्टीवर, पंचानं आपल्या नावाचं एक अक्षर ठोकायचं, मग कायमचा बसवायचा.

तीन वर्षांत माझा ‘एस’ एकदाबी ठोकला गेला न्हाय. माझं ड्रॉइंग गाडीवर जाईपर्यंत नागेश त्यात एवढं बदलतो, की शेवटी ‘एन’च. जळतो मी. उघड सांगतो.

*

नागेश वडगावचा. घरात पॉवरलूम, वडील अजून साड्या विणतात. हा शिकला नववीपर्यंत.

एकदा वाकड्यातिकड्या चार पाइपांची लांबी काढायला मी सॉफ्टवेअरवर सकाळपासनं बसलेलो. ह्यानं खिशातनं मागाच्या सुताचं रीळ काढलं, स्पंजच्या तुकड्याला सूत बांधलं, पाइपात सरकवलं आणि मागनं कॉम्प्रेसरची हवा मारली. फुस्स! स्पंज दुसऱ्या टोकानं बाहेर, सूत आत. दोन्ही तोंडांशी गाठ मारली, ओढून मोजलं. चारी पाइप झाले, तवर माझा कॉम्प्युटर विचारत होता, “सेव्ह करायचं का?”

गिऱ्हाइकानं विचारलं, “कुठलं सॉफ्टवेअर वापरता?”

हा म्हणतो, “वडगावचं!”

*

ते सूत बघून मलाबी हौस आली. नागेशकडं मागायला लाज वाटली, म्हणून खडेबाजारात जाऊन गुपचूप रीळ आणलं. चांगलं चकचकीत, रंगीत. मोजून पाइप कापले, जोडले, गाडी चालू केली.

शेजारच्या फाउंड्रीतली माणसं बाहेर आली.

आप्पा कानावर हात ठेवून म्हणाले, “सत्या, हेडर केलास का पिपाणी?”

नागेशनं माझं रीळ उचललं, दोन बोटांत ओढून बघितलं. वीतभर सूत दीड वीत झालं. मण्यांच्या माळा ओवायचं इलॅस्टिक आणलतो मी! तो हसला असता तर बरं झालं असतं. म्हणतो कसा, “रंग चांगलाय रं.”

*

खानापूरच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, गाडी आवाज करत्या म्हणून. आप्पांनी फोन स्पीकरवर टाकला. नागेश भाकरी खात होता. खाता खाताच म्हणाला, “तिसऱ्या पाइपाचं गॅस्केट गेलंय.”

फोनवरनं! आता तुम्हीच सांगा, हे माणसानं सहन करायचं? मी मनातल्या मनात देवीला नारळ बोललो. ‘ह्याचं एकदा तरी चुकू दे गं आई.’ दुसऱ्याचं वाटोळं व्हावं म्हणून नवस करणारा आमच्या अख्ख्या अनगोळात मी एकटाच असेन.

गाडी आली, खोलली. तिसरंच गॅस्केट.

नारळ वाचला.

*

घरी तरी सुख असावं का न्हाय? आमच्या कुकरची शिट्टी वाजंना. मी पाना घेऊन बसलेलो, तर बायको म्हणाली, “तुम्ही राहू द्या. नागेशभावोजींना बोलवते.”

“अगं, मी इंजिनिअर आहे!”

“म्हणूनच म्हटलं.”

तो आला, शिट्टी हातात घेऊन एक फुंकर मारली, झालं. पाहुण्यांसाठी लपवलेला कुंदा बाहेर आला. त्याला वाटीभर. मला वाटी धुवायला.

*

आता निपाणीचं. तिथल्या एका तंबाखूवाल्याच्या पोरानं लाल गाडी घेतली, मातीतल्या रेसला पळवायची. आप्पा म्हणाले, “ह्या वेळी डिझाइन सत्याचं. नाग्या, तू नुसतं वेल्डिंग करायचं. बदल न्हाय.”

मी आठ दिवस जेवलो न्हाय नीट. गाडी परदेशी बनावटीची, तर इंटरनेटवरनं तिच्या इंजिनाचं परदेशातलंच मॉडेल उतरवून घेतलं आणि त्यावर असा हेडर काढला की स्क्रीनला नमस्कार करावा. नागेशनं ड्रॉइंग बघितलं आणि विचारलं, “स्टिअरिंगचा रॉड कुठनं जातो रं?”

मला वाटलं, झालं ह्याचं सुरू. म्हटलं, “गप, सुम्न वेल्डिंग कर!”

त्यानं सुम्न केलं.

निपाणीकर गाडी घेऊन आला. आप्पा त्याला चहाला घेऊन गेले. आम्ही हेडर चढवला, आणि तिसरा पाइप थेट स्टिअरिंगच्या रॉडवर जाऊन बसला. त्या परदेशी मॉडेलात स्टिअरिंग डावीकडं! आपल्याकडं उजवीकडं! तीन वर्षांनी एक ‘एस’ मिळणार होता.

नागेशनं ग्राइंडर उचलला. तिसरा पाइप त्यानं पक्का जोडलाच नव्हता, वेल्डिंगचे नुसते चार ठिपके मारून ठेवलेले! ठिपके कापले, पाइप फिरवला, एक बेंड बदलला, सूत फुंकलं, लांबी जमवली, पक्कं वेल्डिंग केलं. निपाणीकराला भजीबी खायची इच्छा झाली म्हणून वेळ मिळाला.

ट्रायल झाली. पोरगं खाली उतरलं ते नाचतच. हेडर उतरवून टेबलावर ठेवला. आप्पा खूश. “सत्या, ठोक तुझं अक्षर!”

पंच हातात घेतला. हात वर जाईना. कसा जाणार? मी हातोडी आणि पंचांची पेटी नागेशपुढं सरकवली.

त्यानं एक पंच उचलला, ठोकला, पुसला. मी वाकून बघितलं.

‘एस’.

आप्पा गाडीकडं गेले. नागेश सुताचं रीळ खिशात घालत म्हणाला, “सत्या, उद्यापासनं मला जरा त्या कॉम्प्युटरवर बसायला शिकवशील का रं?”

“बघू की,” म्हटलं.

आणि आत जाऊन कॉम्प्युटरला पहिल्यांदा पासवर्ड घातला.