पाचवा भाग आणि दादाचा डोळा

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. डिचोलीच्या खाणी जोरात होत्या तेव्हा तो खनिजाचा ट्रक चालवायचा आणि मी एका सरकारी कचेरीत कारकून. आमचं दोघांचं फारसं कशात जमलं नाही, पण एका इंग्रजी साहसपटांच्या मालिकेवर जमलं. पहिला भाग आम्ही शेजाऱ्यांकडे व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, पुढचे तीन म्हापशाला थिएटरात. त्यातला नायक चार जणांचा मार खायचा, पाचव्याला लोळवायचा आणि ओठावरचं रक्त पुसून हसायचा. दादाला ते हसणं फार आवडे. एकदा नदीकाठच्या जेटीवर ट्रक रिकामा करायच्या रांगेवरून भांडण झालं आणि दुसऱ्या ड्रायव्हरनं त्याच्या तोंडावर जॅकचा दांडा हाणला. खालचे दोन दात गेले. घरी येऊन दादानं रक्त पुसलं आणि तो अगदी तसाच हसला. आईनं त्याच्या दुसऱ्या गालावर एक ठेवून दिली.

पुढे खाणी बंद पडल्या. ट्रक दारात उभा राहिला, चाकांभोवती गवत वाढलं आणि शेवटी तो भंगारात गेला. दादा घरी बसला. रागीट तो आधीपासूनच होता, आता त्याचा राग वस्तूंवर निघू लागला. एकदा त्यानं लाथ मारून न्हाणीचं दार बिजागरीतून उखडलं, तेव्हा वहिनी कोरगावला माहेरी निघून गेली आणि आठवड्यानं परत आली.

अशात मालिकेचा पाचवा भाग आला, इतक्या वर्षांनी. तिकिटं काढायला दादानंच मला फोन केला. त्याच्या आवाजात मी खूप दिवसांनी उत्साह ऐकला. रविवारचा दुपारचा खेळ होता.

सिनेमा वाईट होता. नायक सत्तरीच्या पुढचा. तो धावताना पाठमोराच दिसायचा आणि धावणारा माणूस दुसराच आहे हे लहान मुलालाही कळलं असतं. ठोसा लागायच्या आधीच समोरचा उडून पडे. रक्त तर कुठेच नव्हतं. नायक आता आपल्याच गुडघेदुखीवर विनोद करायचा. शेजारी दादाचा पाय सारखा हलत होता. आमच्या मागे तिशीतले तिघे जण मोठमोठ्यानं टिंगल करत होते. दादानं दोनदा वळून त्यांना गप्प राहायला सांगितलं.

मध्यंतरानंतर नायक शिडीवरून घसरला आणि एका कोवळ्या मुलीनं त्याला वर ओढलं. मागचा एक जण म्हणाला, "म्हाताऱ्याक आता घराक बसवा रे."

दादा खुर्चीवर गुडघा टेकून मागे वळला आणि त्यानं त्या माणसाच्या नाकावर मूठ मारली. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. पडद्याच्या उजेडात त्याच्या शर्टावर उतरणारं रक्त काळं दिसत होतं. दादानं त्याची मान धरली आणि त्याचं तोंड खुर्चीच्या पाठीवर आपटलं, एकदा आणि परत एकदा. दुसरा मध्ये आला तर त्याच्या पोटात ठोसा. मी उठलो आणि दादाला मागून मिठी घातली, त्याचे दोन्ही हात आवळून माझी बोटं त्याच्या छातीवर एकमेकांत अडकवली. मी त्याच्यापेक्षा जड आहे. पुरे, पुरे, असं मी म्हणत राहिलो.

तेवढ्यात तिसरा पुढे आला. त्याच्या मुठीत मोटरसायकलची चावी होती, बोटांच्या मधून बाहेर काढलेली. त्यानं दादाच्या तोंडावर तीन ठोसे मारले. प्रत्येक ठोसा दादाच्या पाठीतून माझ्या छातीत येत होता. तरी मी सोडलं नाही. मला वाटत होतं, मी त्याला वाचवतोय. मग दादानं डोकं जोरात मागे झटकलं, माझा ओठ फाटला आणि हात सुटले. तो खुर्च्यांच्या मधे पडला. दोघांनी त्याला लाथा घातल्या, दिवे लागेपर्यंत. थिएटरच्या माणसांनी त्यांना ओढून बाजूला केलं तेव्हा पडद्यावर सिनेमा चालूच होता.

पोलिसांनी दोन्हीकडच्यांना बसवून ऐकून घेतलं. पहिला हात दादाचा, आणि नाक मोडलेल्या माणसालाही प्रकरण वाढवायचं नव्हतं, म्हणून तक्रारी मागे घेतल्या गेल्या. चावी लागलेला डोळा मात्र परत आला नाही. डाव्या डोळ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि उजेड-अंधार तेवढा कळू लागला. हॉस्पिटलात मी खाटेजवळ गेलो तेव्हा तो म्हणाला, "तू माका धरलंस, म्हणान तेनी माका मारल्यानी."

सुरुवात तूच केलीस, असं मी म्हणालो. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. थोडे दिवस येऊ नका, असं वहिनीनं मला बाहेर व्हरांड्यात सांगितलं. ते थोडे दिवस आठ महिन्यांवर गेले. मधल्या काळात ती दोघं कोरगावला तिच्या भावांच्या काजूच्या बागेत राहायला गेली.

काजूच्या हंगामात वहिनीचाच फोन आला. माणसं कमी पडताहेत, या, म्हणाली. मी गेलो तर दादा फेणीसाठी काजूची बोंडं तुडवत होता. रस त्याच्या पोटऱ्यांवरून ओघळत होता. शेजारची टोपली उचलायला त्यानं एका डोळ्याच्या अंदाजानं हात पुढे केला तर तो टोपलीच्या वीतभर अलीकडेच मिटला. मी टोपली सरकवली. त्यानं ती घेतली. आम्ही दुपारपर्यंत काम केलं.

जेवण झाल्यावर झाडाखाली तो आपणहून म्हणाला, "तो मागचो खोटा बोलूक नाय. सिनेमा बघताना माकाय तसाच वाटत होता."

मग मारलंस कशाला, मी विचारलं.

"तो मोठ्यान बोललो," दादा म्हणाला.

मी त्याला धरायला नको होतं, हे मी तेव्हा सांगितलं. खूप दिवस तोंडाशी आलेलं होतं. तो म्हणाला, धरायचंच होतं तर समोरच्याला धरायचं. एवढंच. त्यात राग नव्हता, आणि माफीही नव्हती.

आता मी महिन्यातून एकदा कोरगावला जातो. दादाचा राग गेलेला नाही. गेल्या महिन्यात बाजारात एका टेम्पोवाल्यानं त्याच्या आंधळ्या बाजूनं गाडी घासत नेली आणि दादानं त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं. या वेळी मी पाठीमागून गेलो नाही. दोघांच्या मधे घुसलो आणि तोंड दादाकडे करून उभा राहिलो. त्यानं हात चालवलाच. ठोसा माझ्या कानाखाली बसला आणि दोन दिवस मला त्या कानानं नीट ऐकू आलं नाही. पण दुसरा ठोसा त्यानं मारला नाही.