काळी चंद्रकळा आणि अक्कलवाले काका

"पयले समोर जाऊन पाहा," असं म्हणत ते दुकानदाराचा हात धरायचे आणि त्याला त्याच्याच गादीवरून उठवून रस्त्याच्या पलीकडे उभं करायचे. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "आता तू गिऱ्हाईक हायेस. सांग, आत जाशीन का?" आमच्या बोथच्या बाजारात कितीतरी शेठ असे भर उन्हात कावरेबावरे उभे राहिलेले मी पाहिले आहेत. बहुतेकांचं उत्तर 'नाही' असायचं, तेही मान खाली घालून.

माझी नात म्हणते, आजी, अशा माणसाला मार्केटिंग कन्सल्टंट म्हणतात. असेल बाई. आम्ही माघारी 'अक्कलवाले' म्हणायचो आणि तोंडावर काका. तुमच्याही गावात असा एखादा असेलच, ज्याचं स्वतःचं दुकान नाही पण सगळ्यांच्या दुकानात जीव.

तरुणपणी, निजामीत, ते चहाच्या गाडीबरोबर खेडोपाडी फिरले. आमच्याकडे तेव्हा चहा पीत होतं कोण? हे बाजाराच्या दिवशी फुकट पाजायचे. एकदा जिभेला लागलं की माणूस पुढच्या बाजाराला आपणहून येतो, एवढं ते तिथं शिकले, आणि त्या शिदोरीवर जन्म काढला. इचोड्याचा एक भजेवाला धुराचा त्रास नको म्हणून मागच्या खोलीत तळायचा. काकांनी त्याची कढई रस्त्यावर, वाऱ्याच्या तोंडाला मांडायला लावली. ट्रकवाले नाकानं गाडी थांबवतात, म्हणाले. आणि थांबले की हो. तामसीच्या एका कुंभारणीला सांगितलं, माठ विकू नको, बस थांबते तिथं बसून पाणी पाज. पाणी पिऊन लोक माठच घेऊन जायला लागले.

मेहनताना मात्र अजब. दुकानात जे वर्षानुवर्षं खपलं नाही, ते एक द्या, म्हणायचे. त्यांच्या घरी बिनझाकणाचे डबे, निजामाच्या वेळच्या उंच टोप्या, दोन्ही डाव्याच पायाच्या खडावा. काकू म्हणायच्या, "साऱ्या तालुक्याचा पडेल माल माह्या घरात हाये, आन् त्यात पयला नंबर ह्यायचाच." काका हसत मान डोलवायचे.

आमच्या दुकानाची गोष्ट सांगते. निजामी गेली, पुढं काही वर्षांनी भाषेवरून राज्यांची वाटणी झाली. किनवट तिकडे मराठी मुलखात गेलं, आम्ही इकडे आंध्रात राहिलो. कचेरीत तेलुगू साहेब आले, त्यांची बिऱ्हाडं आली. आमचं दुकान नऊवारी लुगड्यांचं. धाकटे दीर म्हणाले, इथं आता आपलं लुगडं कोण घेणार? पांढरकवड्याला माझ्या बायकोच्या माहेरचं दुकान आहे, तिकडे चला. आमचे हे म्हणाले, संक्रांतीपर्यंत पाहू.

माझा जीव टांगणीला. बोथच्या दुकानात बायकांना लुगडी मीच दाखवायची. पोत माझ्या बोटांना कळायचा, कुणाला कुठला काठ शोभेल ते डोळ्यांना. पांढरकवड्याच्या त्या घरात बायका दुकानाचा उंबरा ओलांडत नव्हत्या. गेलो असतो तर माझं उरलेलं आयुष्य चुलीपुढं.

मी काकांना बोलावलं. ते आले, समोर जाऊन पाहून आले आणि म्हणाले, संक्रांत तोंडावर आहे, सगळ्या काळ्या चंद्रकळा दारात टांगा. आपल्याकडे संक्रांतीला काळं नेसतातच. आम्ही दोरी बांधून सगळं दार काळंभोर करून टाकलं. किती सुंदर दिसत होतं.

कचेरीतल्या मोठ्या साहेबांची बायको दोघीतिघींना घेऊन आली. पायरीवर पाय ठेवला, वर पाहिलं, कपाळाला हात लावून पुटपुटली आणि आल्या पावली परत. मागोमाग दुसऱ्याही. दुसऱ्या दिवशी कचेरीतलं एकही माणूस फिरकलं नाही.

"घ्या वहिनी," दीर म्हणाले, "काकाची अक्कल दोरीवर वाळत हाये." आणि त्यांनी गठ्ठे बांधायला घेतले.

काका पलीकडून हे सगळं पाहत होते. रस्ता ओलांडून आले, गादीवर बसले नाहीत. "चुकलं माहं," म्हणाले. "आपला सण पायला, तिचा नाही इचारला. पण बाई, मी पडलो गडीमाणूस. तिला काऊन नको, हे तुमीच इचारून या. इकायचं काही नाही. निसतं इचारा."

मी तिळगूळ घेऊन साहेबांच्या घरी गेले. तिनं मला पाटावर बसवलं, पायांना हळद लावली, कपाळाला कुंकू. जाताना पानसुपारीबरोबर चोळीचं कापड हातात ठेवलं. तिची हिंदी मोडकी, माझी त्याहून. मी विचारलं तर म्हणाली, "पंडगकू काला?" पंडग म्हणजे सण. सणाला काळं त्यांच्याकडे अशुभ. आम्ही त्याच सणाला हौसेनं काळं नेसतो म्हटल्यावर ती डोळे विस्फारून पाहत राहिली, मग हसायला लागली. मलाही हसू आवरेना.

मी येऊन सगळं सांगितलं. काकांचं लक्ष माझ्या हातातल्या कापडावर. ही बाई घरी येणाऱ्या प्रत्येक सवाष्णीला असं देते का? देते, म्हटलं. संक्रांतीला, श्रावणात, बारशाला. काका दिरांकडे वळले. "सोड ते गठ्ठे. लुगडं वर्षाकाठी एक इकते. चोळीचं कापड बारा महिने."

चंद्रकळा एका बाजूला गेल्या, दुसऱ्या बाजूला पिवळी, हिरवी कापडं आली. आणि मला काकांनी आतून उठवून दारातल्या गादीवर बसवलं. बाईला बाई दिसली पाहिजे, म्हणाले. आमच्या यांनी कापड मोजायचा गज माझ्या हातात दिला. साहेबांची बायको पुढच्याच आठवड्यात आली, आणि सोबत अर्धी कचेरी.

पुढं खूप वर्षांनी काका गेले. बातमी आली ती नेमकी बाजाराच्या सकाळी. मराठी, तेलुगू, मुसलमान, सगळ्यांनी दुकानं लावून घेतली. खेड्यांवरून आलेल्या बाया पिशव्या घेऊन बंद दारांसमोर उभ्या.

तासाभरात काकूंचा निरोप आला. "बाजाराच्या दिवशी दुकानं बंद? त्यायनं कोणाकोणाला शिव्या देल्ल्या असत्या. उघडा म्हणा."

आम्ही उघडली. त्या दिवशी मी रडत रडत लुगडी उलगडली, काठ दाखवले, गजानं चोळ्यांची कापडं मोजली. तोंडाला पदर लावून ठेवला होता. गिऱ्हाईकाच्या मालावर डोळ्यांतलं पाणी पडू नये, एवढं भान मात्र होतं.