वालाच्या कुंपणात सायकल

आमच्या कारखान्यात एक नियम आहे. कंट्रोल रूममधल्या खुर्चीत पुढच्या पाळीचा माणूस येऊन बसल्याशिवाय आधीच्यानं उठायचं नाही. घरी लग्न असो, मयत असो, आतली रसायनं काही थांबत नाहीत.

त्या रविवारी माझी दुसरी पाळी होती, दुपारी तीनची. पहिल्या पाळीतला माझा जोडीदार मूळचा खानदेशातला. त्याचे वडील पहिल्यांदाच बोईसरला येत होते, एकटेच. गाडी दीडला पोचणार होती. म्हाताऱ्याला नीट ऐकू येत नाही, मोबाईल वापरत नाहीत. जोडीदारानं आठवडाभर आधी मला विचारून ठेवलं होतं, एक वाजता येशील का? मी म्हणालो, एक काय, पावणेएकलाच खुर्चीत बसतो. मला असं उदार बोलायची सवय आहे.

आणि त्याच सकाळी मी डोंगरात सायकल चालवायला गेलो.

सायकल माझी नव्हती, मुलाची. पहिल्या पगारातून घेतलेली, जाड टायरची, एकवीस गिअरची. त्यातले तीन मला वापरता येतात. तो पुण्याला गेल्यापासून मी ती ‘चालू ठेवतो’. बरोबर दोघं मित्र असतात. एक पालघरच्या शाळेतला चित्रकलेचा मास्तर, दुसरा बोईसरचा हार्डवेअरवाला. तिघांची मिळून गुडघ्यांची तक्रार एकच आहे. एरवी आम्ही शिरगावच्या किल्ल्यापर्यंत जाऊन, वडापाव खाऊन, दमून परत येतो. पण थंडी पडली की माणसाला उगाच आपण तरुण असल्यासारखं वाटतं. मीच म्हणालो की रुळांच्या पूर्वेला एक टेकडी आहे, पलीकडे उतरणारी झकास वाट आहे, मला पाठ आहे. दहाच्या आत घरी.

पाठ होती ती मे महिन्यातली. एका लग्नाला गेलो असताना चालत उतरलो होतो, तेव्हा खाली नुसती मोकळी शेतं होती. भात कापल्यावर त्याच ओलीवर लोक वाल पेरतात आणि मोकाट गुरं शिरू नयेत म्हणून काट्यांची वई, म्हणजे कुंपण, घालून सगळं बंद करतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. तीस वर्षं इथं राहतोय, दर हिवाळ्यात वालाचं बिरडं दोन वाट्या चापतो. वाल परस्पर ताटातच उगवतो असा माझा समज असावा.

टेकडीवर धुकं होतं, कानटोपीवर हेल्मेट चढवल्यामुळे एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. उतार म्हणजे पावसानं कोरलेली ओघळ होती, सगळे सुटे दगड. मास्तरचे ब्रेक लागले नाहीत आणि तो थेट बोरीच्या काट्यांतून भगदाड पाडून आत गेला. मागोमाग आम्ही. मग आम्ही सुशिक्षित लोकांनी काय करावं? उतरलो आणि उपसलेले काटे नीट उचलून भगदाड बुजवलं. शेतकऱ्याचं नुकसान नको. हार्डवेअरवाल्यानं तर धंद्यातल्या सफाईनं दोन फांद्या एकमेकींत अडकवून पक्क्या केल्या. आम्ही समाधानानं मागं वळलो, तर पुढंही वई, डावीकडंही वई, उजवीकडंही वई, आणि पाठीशी सायकल घेऊन चढता न येणारी ओघळ. मधे कोवळा वाल आणि उभं राहायला एक बांध. सहाही टायर बसले होते.

साडेआठ वाजले होते. मोबाईलला रेंज नव्हती.

माणसांना जायला कोपऱ्यात सोय होती. दोन बेचक्यांत एक आडवं लाकूड, त्यावर पाय देऊन पलीकडे उतरायचं. पलीकडे दोन शेतांच्या कुंपणांमधून जेमतेम एका माणसापुरती बोळ. मास्तर खांद्यावर सायकल घेऊन त्यात घुसला आणि हँडल अडकून बसला. त्याला मागे ओढण्यात अर्धा तास गेला. त्याचं स्वेटर तिथंच राहिलं. तेवढ्यात शेताची मालकीण आली, डोक्यावर टोपली, हातात कोयती. तिनं आधी वालाकडे पाहिलं, मग वईकडे, शेवटी आमच्याकडे. वई बांधायला दोन दिवस लागले होते, तिला आता हात लावू नका, एवढंच तिनं सांगितलं. शेतात येणाऱ्या गाडीवाटेच्या तोंडाशी तोडलेली अख्खी बोर ओढून लावलेली होती. ती बैलांशिवाय हलणार नव्हती, आणि बैल घेऊन तिचा नवरा बाहेर गेला होता.

कधी येईल, विचारलं.

“ऊन कललं की येल,” ती म्हणाली. “पन तुमी जा ना. तुमाला कोन धरून ठेवलाय? सायकली र्‍हाव दे हितंच.”

इतकं सरळ होतं. आणि ते मला ऐकू आलं, कारण तोवर कानटोपी काढली होती. तरी मी बांधावर बसलो. मुलानं बजावलं होतं, बाबा, कुलूप लावल्याशिवाय कुठं सोडू नका. कुलूप घरी खुंटीवर. मी ठिगळं लावली, हवा भरली, पुन्हा काटा घुसला, पुन्हा ठिगळ. वईला लागून असलेल्या दरडीवर सायकल चढवून पाहिली, दहा फुटांवरून तिच्यासकट खाली आलो. प्रत्येक वेळी वाटायचं, आता निघेल. साडेनऊ वाजले, साडेदहा वाजले. मित्रांना जोडीदाराचं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी मला हाकललं असतं, आणि मला हाकलून घ्यायचं नव्हतं. अकरा वाजून गेल्यावर शेवटी बोललो.

मास्तरनं माझ्या हातातला पंप काढून घेतला. “अरे, अडकलीय ती सायकल,” तो म्हणाला. “तू कशाला अडकलायस?”

सायकली सांभाळत ते दोघं थांबले. मी लाकडावर चढलो, बोळीतून निघालो. रस्ता लागेपर्यंत तासाहून जास्त चाललो, नंतर रिक्षा मिळेना. रेंज आल्यावर कारखान्याच्या गेटवर फोन केला, कारण मोबाईल आत नेत नाहीत. गार्ड म्हणाला, “आपके जोड़ीदार ने तीन बार पूछा, साहब.” मी सांगितलं, उशीर होतोय, आधी स्टेशनावर जाऊन वडिलांना थांबवतो, मग येतो.

बोईसरला पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. गाडी येऊन गेली होती. फलाट रिकामा होत आला होता आणि एका बाकावर धोतर, टोपी, मांडीवर घट्ट धरलेली पिशवी. मी वाकून, कानाजवळ तोंड नेऊन सांगितलं, मी तुमच्या मुलाचा मित्र, चला, कारखान्याच्या गेटपर्यंत सोडतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. फाटका शर्ट, हातांवर रक्ताचे ओरखडे, गुडघ्याला चिखल, डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट काढायचं राहिलं होतं.

“गाडी कुठाय तुमची?” त्यांनी विचारलं.

“सायकल आहे. शेतात अडकलीय.”

त्यांनी पिशवी आणखी जवळ ओढली. मी मुलाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, त्यांची मान हलली नाही. म्हणाले, पोरगा म्हणालाय मी येतो, तो येईपर्यंत मी हितून उठणार नाही. मी दोनदा विनवलं. तिसऱ्यांदा त्यांनी बाजूच्या माणसाकडे मदतीसाठी पाहिलं, तेव्हा मी मागं सरलो. त्या बाकावरून त्यांना उठवायचा एकच मार्ग होता, मी जाऊन खुर्चीत बसायचं.

दोन वाजून वीस मिनिटांनी मी कंट्रोल रूममध्ये शिरलो. जोडीदार पडद्याकडे तोंड करून बसला होता. उठला. कुठली टाकी भरतेय, कुठला पंप बंद ठेवलाय, सगळं एकेक करून नीट सांगितलं, एक शब्द जास्त नाही. मी बसलो तेव्हा दाराशी थांबून त्यानं विचारलं, “पाणी प्यायले का ते?”

मी विचारलंच नव्हतं. तसं म्हणायला तोंड उघडेपर्यंत तो जिन्यावरून खाली पळाला होता.

आता रात्री अकरापर्यंत उठता येणार नव्हतं. तापमान चढत होतं, उतरत होतं, मी आकडे बघत होतो आणि मला फलाट दिसत होता. नळ दूरच्या टोकाला, पिशवी सोडून म्हातारा उठणार नाही. साडेतीनला गेटवरून आतल्या फोनची घंटी वाजली. गार्ड म्हणाला, “साहब, उनका फोन आया था. पिताजी मिल गए.”

मी विचारलं, पाणी प्यायले का?

“वो तो नहीं बताया, साहब,” म्हणाला, आणि फोन ठेवला.