एडविन पिमची हजेरी

दोन याद्यांची एक यादी करणं, हे धम्मशीलाचं इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या ऑफिसातलं काम. दोन कंपन्या एक झाल्या की एकच माणूस दोनदा येतो. एक नाव ठेवायचं, दुसरं पुसायचं. नागपूरहून येऊन तेवीस वर्षं झाली, तरी पुसताना तिचं बोट क्षणभर थबकायचंच.

शेजारच्या एक्क्याऐंशी वर्षांच्या हेस्टर पिमना हे ठाऊक होतं. त्यांचे पणजोबा एडविन अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढले होते. त्यांच्या थडग्यावर नवा दगड बसवायचा होता आणि कोरणाऱ्याला मजकूर शुक्रवारपर्यंत हवा होता.

"आमच्या घरी सांगतात, ते परत आले, १९०४ साली इथेच गेले. एका पुस्तकात मात्र तिकडेच मेले म्हणून छापलंय. तूच बघ, शीला."

तिने जुने कागद संगणकावर उघडले. माणसं इतकी मेली होती की दोन पलटणी मिळून एक केली होती. जुन्या पलटणीच्या इस्पितळाच्या वहीत: एडविन पिम, जानेवारी १८६५, मृत. नव्या पलटणीच्या एप्रिलच्या पटावर: एडविन पिम, हजर. दोन्हीकडे जन्मगाव रीडिंगच.

ऑफिसातला शशी हसला. "ताई, दोन टेबलं मर्ज केली की भुतं निघणारच! नाहीतर कुणीतरी प्रॉक्सी मारली असेल."

तिला हसू आलं नाही. कॉलेजात मैत्रीण अक्षया आली नाही की तिच्या नावाला 'यस सर' धम्मशीलाच म्हणायची. अक्षया पहाटे वारली, त्या सकाळीही धम्मशीला 'यस सर' म्हणाली होती. नंतर कळलं. त्या पटावर अक्षया अजून हजर आहे.

मग एडविनच्या भरतीचा कागद सापडला: डोळे निळे, डाव्या हाताला करंगळी नाही.

रविवारी दुपारी हेस्टरबाईंनी चहा ओतला. भिंतीतल्या शेकोटीच्या वरच्या फळीवर एडविनचा म्हातारपणीचा फोटो होता, दोन्ही पंजे गुडघ्यांवर पसरलेले. वर्षानुवर्षं तिने त्या फोटोखाली चहा घेतला होता. आज तिने बोटं मोजली. तिचे ओठ हलताना पाहून हेस्टरबाईंनीही मोजली.

डावीकडे पाच. उजवीकडे पाच.

"मग हा कोण?"

"एडविनच्या नावाला ओ देणारा कुणीतरी."

"पण घरी एडविनची आई होती, शीला. तिनेच दार उघडलं होतं."

दोघींनाही वर बघवेना.

"तिनेही मोजली असतील," हेस्टरबाई हळूच म्हणाल्या, "आणि आत घेतलं असेल."

शुक्रवारी कोरणाऱ्याचा फोन आला. "बाई, नाव एक आणि मृत्यूची सालं दोन लिहिलीत. चूक कुठली?"

"एकही नाही," हेस्टरबाई म्हणाल्या. "दोन्ही कोरा."